चंद्राचं वजन

कुजबुजताईंना हे नाव त्यांच्या कुजबुजीनेच मिळवून दिलं होतं. सोसायटीच्या नाट्यमंडळात त्या प्रॉम्प्टर होत्या आणि त्यांची कुजबुज तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जात असे. नट वाक्य विसरला की ताई विंगेतून ते सांगत, पुढच्या तीन रांगा ते ऐकत आणि मग नटाच्या तोंडून तेच पुन्हा ऐकून खात्री करून घेत. नाटक एकदाच बघायचं असेल तर मागे बसावं, दोनदा बघायचं असेल तर पुढे, असं जाणकार म्हणत. इतकी नाटकं झाली, पण शेवटी सगळे नट ओळीने उभे राहून टाळ्या घेत असत तेव्हा ताई विंगेत वही मिटून चहाचे कप गोळा करत असायच्या. त्याबद्दल कुणी काही म्हणत नसे. ताईही म्हणत नसत. फक्त त्या दिवशी घरी परतताना त्या जरा गप्प असत.

यंदा मात्र चंद्राची जागा रिकामी झाली.

नाटक दिग्दर्शकांनी स्वतः लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यात बदल करायची सोय नव्हती. दिग्दर्शक म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. निवृत्त ते शाळेतून झाले होते, मुख्याध्यापकपणातून नव्हे. नाटकात एक वाट चुकलेला प्रवासी होता, एक टेकडी होती आणि टेकडीमागून उगवून प्रवाशाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा चंद्र होता. चंद्राचं काम करणारी मुलगी अचानक नोकरीसाठी परगावी निघून गेली. दिग्दर्शकांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "सगळं पाठ असलेली एकच व्यक्ती इथे आहे." ताईंनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसून ताईंनी दुपारपर्यंतची सगळी तिकिटं उलटी चिकटवली.

चंद्र वर नेण्याची जबाबदारी लिफ्टमामांची. सोसायटीच्या तिन्ही इमारतींच्या लिफ्ट तेच दुरुस्त करायचे, म्हणजे त्यांपैकी एखादी तरी कायम बंद असायची. "सगळं लिफ्टसारखंच आहे," ते समजावून सांगू लागले. "दोरीच्या एका टोकाला चंद्र, त्यात ताई. दोरी वर कप्पीवरून जाणार, दुसऱ्या टोकाला ही लोखंडी पेटी. पेटीत ताईंएवढंच वजन टाकायचं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या, की मी एका बोटानं चंद्र वर नेईन, एका बोटानं खाली आणीन." ते बोट त्यांनी सगळ्यांना दाखवलं. त्याला पट्टी बांधलेली होती.

चंद्रकोर ताईंच्या यजमानांनी बनवली होती. ते भूमापन कचेरीत नकाशे काढत आणि मंडळासाठी पडदे रंगवत. ताई चंद्रात बसल्या. चंद्र जमिनीला आकड्याने अडकवलेला होता. विंगेतल्या माळ्याशी पेटी लोंबकळत होती आणि लिफ्टमामा शिडीवरून वर पोचवलेली एकेक वाळूची पिशवी तिच्यात टाकत होते. आकडा काढून बघितला. चंद्र हलला नाही. पुन्हा पिशव्या.

"अजून एक," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या. त्यांना मोजायला कुणी सांगितलं नव्हतं. "अजून एक. अगंबाई, अजून एक?"

सोसायटीच्या सेक्रेटरींच्या या पत्नी इतक्या सडपातळ होत्या, की त्यांना वर न्यायला दोन पिशव्या आणि एक छत्री पुरली असती. ताई चंद्रात बसून टेकडीकडे बघत राहिल्या. पुठ्ठ्याच्या टेकडीत बघण्यासारखं काही नव्हतं, पण माणसांकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं. पिशव्या संपल्या. चंद्र जागच्या जागी. शेवटी लिफ्टमामांनी अडगळीतून मागच्या कुठल्याशा नाटकातला प्लास्टरचा सिंह शोधून आणला. त्याचा एक कान तुटलेला होता. चौघांनी मिळून तो शिडीवरून वर चढवला. सिंह पेटीत बसला आणि चंद्र उगवला. त्याबरोबर वरची तुळई अशी करकरली, की दिग्दर्शक नकळत दोन पावलं मागे सरकले.

"तुळई जुनी आहे," लिफ्टमामा म्हणाले. "पिशव्या चालतील. सिंह जास्त होतोय."

दिग्दर्शक हळुवारपणे बोलायचं ठरवून बोलू लागले, ही काळजीची गोष्ट होती. "ताई, चंद्र तुम्हीच. त्यात काही शंका नाही. फक्त... सिंह नको. रंगीत तालमीपर्यंत चार-साडेचार महिने आहेत. तोवर सिंह पेटीतून निघाला पाहिजे."

"आणि नाहीच निघाला, तर मी आहेच की," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या. तोपर्यंत त्यांनी चंद्राच्या झग्याची लांबी मनातल्या मनात मोजलीसुद्धा होती.

आता खरी गोष्ट अशी, की ताई फारसं काही खातच नव्हत्या. गेलं वर्षभर त्या एकेक पदार्थ सोडत आल्या होत्या आणि वजन मात्र त्यांना सोडायला तयार नव्हतं. सगळे घामाने निथळत असताना त्यांना शाल लागायची. केस कंगव्यात यायचे. दुपारी खिडकीवर बसल्या बसल्या डोळे मिटायचे आणि समोरचा माणूस पार्सल हातात धरून त्यांच्या जागं होण्याची वाट बघत उभा राहायचा. नणंद म्हणायची, "वहिनी, तुम्ही चोरून खाता का हो?" जाऊबाई म्हणायच्या, "तसं विचारू नये गं." आणि मग ताईंकडे वळून, "पण खाता का?" अशा वेळी ताईंना रडू यायचं आणि रडू आलं की चेहरा सुजायचा, म्हणजे तीही एक भर.

सिंहाच्या दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टरबाईंकडे गेल्या. डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी ताईंचा गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं आणि अहवाल आल्यावर म्हणाल्या, "थायरॉइड मंद आहे."

"म्हणजे मी हावरट नाही?"

"नाही."

"तेवढं जरा पुन्हा सांगता?"

"हावरट नाही. थायरॉइड मंद आहे. रोज सकाळी एक गोळी. मात्र ही वजन उतरवायची गोळी नव्हे, हे लक्षात ठेवा. थायरॉइड जाग्यावर आलं की थोडं उतरेल. बाकीचं तुमचं तुम्ही चालून उतरवायचं." पुढे त्यांनी आणखी एक-दोन सूचना दिल्या, पण 'हावरट नाही' एवढ्यानेच ताईंचे कान भरले होते आणि त्यानंतरचं त्यांत काही शिरलं नाही. दवाखान्यातून घरापर्यंत भेटेल त्याला त्या सांगत आल्या, "मला थायरॉइड आहे!" एखाद्याने मुलीचं लग्न ठरल्याचं सांगावं, तसं. आजार सापडल्यावर इतका आनंद झालेला पेशंट औषधवाल्याने पूर्वी पाहिला नव्हता. त्याने गोळ्या दोनदा तपासून दिल्या.

आजार सांगितला की सल्ले येणारच. तसे ते आले. सोसायटीत प्रत्येकाच्या नात्यात कुणाला ना कुणाला थायरॉइड निघालं. कुणी कोमट पाणी सांगितलं, कुणी उलटं चालायला सांगितलं. उलटं चालताना ताई सेक्रेटरींच्या स्कूटरवर बसल्या, म्हणजे बसायचा विचार नव्हता, पण बसल्या. वरच्या मजल्यावरच्या काकू मात्र नुसत्या सल्ल्यावर थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या बरणीभर कॅल्शियमच्या गोळ्या घेऊनच खाली आल्या. "वजन उतरताना हाडं ठिसूळ होतात बरं का! आधी हाडांचं बघ. सकाळी उठल्या उठल्या एक घ्यायची, माझ्यासमोर." आणि रोज सकाळी, ताईंचा दिवस सुरू होतो न होतो तोच, काकू दारात हजर.

इकडे यजमानांनीही कंबर कसली. त्यांच्या संसारात प्रेम बोलून दाखवायची पद्धत नव्हती. ते चहातून व्यक्त व्हायचं. लग्न झाल्यापासून रोज सकाळी यजमान स्वतः चहा करून ताईंना अंथरुणात आणून देत. आता त्यांनी बशीत एका बाजूला बिस्किट आणि दुसऱ्या बाजूला थायरॉइडची गोळी ठेवायला सुरुवात केली. गोळी बशीत लवंडू नये म्हणून तिच्यासाठी पुठ्ठ्याची छोटीशी वाटीसुद्धा कापून बनवली, कडेने निळी रेघ ओढून. ताई चहाच्या घोटाबरोबर गोळी घ्यायच्या, मग काकूंसमोर दुसरी घ्यायच्या आणि सगळ्यांचं समाधान झालं की कामाला लागायच्या.

वजन बघायला घरात एक काटा होता, पण तो फरशीगणिक वेगळं वजन दाखवायचा. नकाशेवाल्या यजमानांचं मत असं, की घरालाच उतार आहे. मग ताईंना युक्ती सुचली. टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत मोठ्या पार्सलांचा जमिनीला टेकलेला वजनकाटा होता, नवा, कॉम्प्युटरला जोडलेला. जेवणाच्या सुट्टीत खोलीत कुणी नसताना ताई चपला काढून, मुठी आवळून, श्वास रोखून त्यावर उभ्या राहिल्या. आकडा इथे सांगणं बरं नव्हे. यंत्राने मात्र तो सांगितला. इतकंच नव्हे, तर करकर आवाज करत एक चिठ्ठी छापून ताईंच्या पायाशी टाकली: 'जड माल. उलटा करू नये.'

नव्या यंत्राची खुबी अशी, की काट्यावर वजन पडलं की ते पार्सल समजून नोंदवून टाकायचं आणि एकदा नोंदवलेलं पार्सल रद्द करायचा अधिकार फक्त मुख्य कचेरीला. तिसऱ्या दिवशी मुख्य कचेरीच्या साहेबांचा पोस्टमास्तरांना फोन आला. तुमच्याकडे एक जड माल पडून आहे, तो पुढे का जात नाही? पोस्टमास्तर त्याच सोसायटीत राहायचे आणि नाटकातला वाट चुकलेला प्रवासी तेच होते. त्यांनी चौकशी केली. ताईंनी खालमानेने सांगितलं, "साहेब, तो माल म्हणजे मी."

पोस्टमास्तर भला माणूस. त्यांना हे वर कळवायचं धाडस झालं नाही आणि खोटं बोलायची सवय नव्हती. त्यामुळे दर आठवड्याला फोन आला की ते जमेल तितकं खरं बोलायचे. "माल सुस्थितीत आहे, साहेब." "माल आत्ता जागेवर नाही, जेवायला गेलाय... म्हणजे, जेवायच्या सुट्टीनंतर बघून सांगतो." "नाही साहेब, मालाचा मालक आहे, भूमापन कचेरीत असतो." खिडकीवर बसलेल्या ताईंना हे सगळं ऐकू यायचं आणि त्या तिकिटांवर दाणदाण शिक्के मारायच्या.

दोन महिने गेले. ताई जिने चढल्या, ताई उपाशी राहिल्या, ताईंनी कोबीच्या सूपमध्ये आयुष्यातली सगळी गोडी बुडवून टाकली. सिंह होता तिथेच होता. दर रविवारी तालमीला लिफ्टमामा सिंहाशिवाय करून बघायचे, चंद्र ढिम्म हलायचा नाही. मग सिंहाला परत पेटीत ठेवायचे आणि सेक्रेटरीणबाई हळूच म्हणायच्या, "प्रयत्न करताहेत बिचाऱ्या." चंद्राची वाक्यं त्यांनीही पाठ करायला घेतली होती. एकदा त्या अडल्या तेव्हा ताईंच्या तोंडून सवयीने पुढचं वाक्य निघून गेलं आणि मग त्यांचं त्यांनाच इतकं वाईट वाटलं, की घरी येऊन त्या बराच वेळ नळ सोडून रडल्या. नळ अशासाठी, की काकूंना ऐकू जाऊ नये.

दुसऱ्या तपासणीचा अहवाल बघून डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. "काही फरक नाही. गोळी घेता ना?"

"रोज. एक दिवस चुकली नाही."

"कशाबरोबर?"

"यजमान देतात ना, चहाबरोबर. बशीत ठेवून. वाटी केलीय हो त्यांनी त्यासाठी, निळ्या रेघेची."

डॉक्टरबाईंनी अहवाल पुन्हा उलटून पाहिला. "चहाबरोबर आणखी काही?"

"बिस्किट. आणि काकूंची कॅल्शियमची गोळी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या दिवशी वर्षभराच्या वाटणीचं बोलल्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही, बिस्किट नाही, काही नाही. कॅल्शियम तर तिच्या आसपास फिरकायलाही नको, ते दुपारच्या जेवणानंतर. नाहीतर गोळी पोटात जाते आणि अंगाला लागतच नाही. "मी हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. सांगितलं होतंच. पण त्या दिवशी ताई हावरट नव्हत्या ना!

काकूंना समजावणं सोपं गेलं. त्यांना दुपारची वेळ दिली, म्हणजे जेवणानंतर गप्पांना यायला कारणही झालं. यजमानांना सांगणं अवघड होतं. जगात दुसऱ्या कुणाला हे अवघड वाटलं नसतं, पण त्या दोघांच्या घरात सकाळचा चहा नको म्हणणं म्हणजे बरंच काही नको म्हटल्यासारखं होतं. ताईंनी दोन दिवस शब्द जुळवले आणि तिसऱ्या सकाळी बशी समोर आल्यावर नुसतंच म्हणाल्या, "अहो, तुमच्या चहामुळे गोळी लागू पडत नाहीये."

यजमान बशी घेऊन उभेच राहिले. "माझ्या चहामुळे?"

"तुमच्या म्हणजे... कुणाच्याही."

"पण चहाबरोबर गोळीही मीच देतोय ना," ते म्हणाले आणि स्वयंपाकघरात निघून गेले. तो दिवसभर ते फार सभ्यपणे वागले. नवरा सभ्यपणे वागायला लागला की बायकोचा जीव कासावीस होतो, तसा ताईंचा झाला.

पण दुसऱ्या सकाळी ते पेलाभर पाणी आणि निळ्या रेघेची वाटी घेऊन आले. गोळी दिली. मग स्वतःच्या आणि ताईंच्या चहावर झाकण्या ठेवून पलंगाच्या कडेला बसून राहिले.

"तुम्ही प्या ना तुमचा."

"एकट्यानं नाही घशाखाली उतरत," यजमान म्हणाले. लग्नानंतर त्यांनी तोंडाने बोललेलं हे बहुधा पहिलंच असं वाक्य असावं, कारण म्हटल्यावर ते स्वतःच दचकले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

आता अर्धा-पाऊण तास दोन माणसं समोरासमोर बसल्यावर करणार काय? बोलायला लागली. आधी पाणी किती येतंय यावर बोलली, मग कचेरीवर, मग ताईंनी हळूच चंद्राची वाक्यं म्हणून दाखवली. यजमान प्रवासी झाले. त्यांना एकही वाक्य धड येत नव्हतं. ताई हसून हसून पलंगावर आडव्या झाल्या. चहा पुन्हा गरम करावा लागायचा आणि तो चांगला लागायचा नाही, पण दोघांनाही उठायची घाई नसायची.

आणि मग गोष्टी खरोखर बदलायला लागल्या. सगळ्यांत आधी शाल कपाटात गेली. मग दुपारची झोप गेली. खिडकीवरची रांग भराभर सरकू लागली तशी लोकांना चुकल्यासारखं वाटायला लागलं. चेहऱ्यावरची सूज ओसरली आणि ताईंना आरशात एक जुनी ओळखीची बाई दिसली. पायांत बळ आलं म्हणून त्या संध्याकाळी चालायला लागल्या. काकू सोबतीला यायच्या. काकू प्रत्येक बाकाशी थांबून बसायच्या आणि ताई त्या बाकाभोवती फेऱ्या मारायच्या, म्हणजे गप्पाही व्हायच्या आणि चालणंही. वजन काही धो धो उतरलं नाही. रांगेत उभं असलेलं माणूस सरकावं, तसं ते सरकत होतं. पण सरकत होतं.

रंगीत तालमीच्या दिवशी सगळं मंडळ जमलं. लिफ्टमामांनी सिंह उचलून बाजूला ठेवला. पेटीत नुसत्या पिशव्या. सेक्रेटरीणबाई झग्याकडे बघत होत्या. ताई चंद्रात बसल्या. आकडा निघाला. चंद्र हलेना. मग जरा थरथरला, विचार केल्यासारखा थांबला आणि अगदी सावकाश, तुळईचा हूं की चूं न होता, टेकडीमागून वर आला.

ताईंना टाळ्या ऐकू आल्या नाहीत. वरून त्यांना कोपऱ्यात ठेवलेला एककानी सिंह दिसत होता आणि त्याच्याकडे बघून त्यांना आयुष्यात कुठल्या सिंहाबद्दल वाटलं नसेल इतकं प्रेम वाटलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ताईंवर प्रेम करणारी माणसं बरीच होती आणि त्यांपैकी एकाचाही चंद्रावर भरवसा नव्हता. तालमीत उगवला खरा, पण जेमतेमच उगवला, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. प्रयोगाच्या दिवशी सगळ्या लोकांसमोर नाहीच उगवला तर? जो तो एकटाच या काळजीत होता आणि जो तो एकटाच, कुणाचं लक्ष नाही असं बघून, विंगेतली शिडी चढून आला.

नाटक सुरू झालं. सभागृह भरलेलं. पुढच्या तीन रांगांतल्या लोकांना आज प्रॉम्प्टिंग कोण करणार, याची उत्सुकता होती. प्रॉम्प्टिंगला दिग्दर्शक स्वतः बसले होते, पण त्यांचा चष्मा चुकून काकूंच्या पिशवीत गेला होता. पोस्टमास्तर वाट चुकून टेकडीपाशी आले, थकले, बसले आणि आर्त स्वरात म्हणाले, "या अंधारात मला वाट दाखवणारं कुणीच नाही का?" ही चंद्राची खूण होती. लिफ्टमामांनी आकडा काढला आणि आपलं ते एक बोट दोरीला लावलं.

चंद्र उगवला नाही. चंद्र उडाला. टेकडीमागून सुटला तो थेट वर, प्रवाशाच्या डोक्यावरून, रंगमंचाच्या वरच्या झालरीच्याही पलीकडे, आणि तिथे कप्पीला आपटून थांबला. जुनी तुळई जोरात करकरली, पण टिकली. विंगेत पेटी धप्पकन गादीवर येऊन पडली. प्रेक्षकांना झालरीखाली फक्त ताईंची दोन पावलं दिसत होती. त्यातल्या एकातली चप्पल सुटून पोस्टमास्तरांच्या मांडीवर पडली.

असा चंद्रोदय कुणी पाहिला नव्हता.

पोस्टमास्तरांनी चप्पल हातात घेतली आणि ते सगळं विसरले. आपण प्रवासी आहोत, वाट चुकलो आहोत, एवढं चेहऱ्यावर होतं, पण ते खरंच होतं. विंगेत दिग्दर्शक वही डोळ्यांपासून दूर नेत होते, जवळ आणत होते. वर, झालरीमागे, ताई दोरी घट्ट धरून बसल्या होत्या. इतक्या महिन्यांची आस, आणि शेवटी आपण पुन्हा कुणाला दिसतच नाही. क्षणभर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग खाली बघितलं तर पोस्टमास्तर त्यांची चप्पल उलटी करून तिच्यात वाक्य शोधत होते. इतक्या वर्षांची सवय. ताईंनी कुजबुज केली:

"हे चंद्रा, तू इतका दूर का?"

कुजबुज वरून आल्यामुळे या वेळी शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. पोस्टमास्तरांच्या जिवात जीव आला. त्यांनी वर पावलांकडे बघत हात पसरले आणि मनापासून ओरडले, "हे चंद्रा, तू इतका दूर का?"

"दूर नाही रे," ताई वरून म्हणाल्या आणि आता कुजबुजल्या नाहीत. पहिल्यांदाच पूर्ण आवाजात बोलल्या. "मी रोज इथेच असते. तूच वर बघत नाहीस."

वाक्य नाटकातलंच होतं, पण दिग्दर्शकांनी लिहिलं तेव्हा ते इतकं चांगलं नव्हतं. सभागृहात कुणीतरी नाक पुसलं.

विंगेत मात्र धांदल उडाली होती. चंद्र खाली आणायचा तर पेटी हलकी करायला हवी. लिफ्टमामा दोरीला लोंबकळले आणि बाकीचे पेटीवर वाकले. पिशव्यांच्या वर एक खलबत्ता निघाला. "तो माझा," काकू पुटपुटल्या. "म्हटलं, थोडा आधार." मग सेक्रेटरीणबाईंच्या दोन जाडजूड फुलदाण्या निघाल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बघताय काय?" त्या चिडून म्हणाल्या. "अर्धी सोसायटी मी बोलावलीय. आणि ती बाई वर गेली पाहिजे, असं मलाही वाटतं. माणूसच आहे मी." मग दिग्दर्शकांचा शब्दकोश, मग स्वतः लिफ्टमामांची अवजारांची पेटी, जी ते सकाळपासून शोधत होते. "मीच ठेवली होती की," ते लोंबकळत म्हणाले.

एकेक वस्तू निघत होती आणि चंद्र हिसक्याहिसक्याने खाली येत होता. शेवटी या सगळ्यांच्या खाली, थेट पिशव्यांवर, कापडात गुंडाळलेला सिंह निघाला. त्याचा कान बघून यजमानांनी मान खाली घातली.

सिंह बाहेर आला आणि चंद्र झालरीखाली उतरला, रंगमंचाच्या मधोमध, नेमका जिथे थांबायचा तिथे. प्रेक्षकांना पहिल्यांदा चंद्राचा चेहरा दिसला. केस विस्कटलेले, एक पाय अनवाणी, आणि हसू असं की ते लपवता येत नव्हतं. टाळ्या सुरू झाल्या त्या पोस्टमास्तरांची पुढची तीन वाक्यं गिळून गेल्या. ती वाक्यं त्यांना आठवत नव्हतीच.

पडदा पडल्यावर ताई ओळीत मधोमध उभ्या राहिल्या. चहाचे कप सेक्रेटरीणबाईंनी गोळा केले.

घरी जाताना यजमान एकेक पाऊल जपून टाकत होते. शेवटी म्हणाले, "माझा तुझ्यावर विश्वास होता गं. कप्पीवर नव्हता."

"सिंह एकट्यानं चढवलात तुम्ही? चौघं लागले होते त्याला!"

"कंबर धरलीय," यजमान म्हणाले. ताई रस्त्यातच थांबून हसत सुटल्या, मग त्यांनी यजमानांचा हात धरला आणि दोघं सावकाश घरी आले.

सोमवारी टपाल कचेरीत ताईंची खिडकी उघडते न उघडते तोच पोस्टमास्तर मागच्या खोलीतून आले. मुख्य कचेरीचे साहेब अखेर तो जड माल रद्द करायला तयार झाले होते, मात्र नियमाप्रमाणे माल पुन्हा काट्यावर ठेवून वजन जुळवून दाखवायचं होतं. ताई काट्यावर उभ्या राहिल्या. या वेळी श्वास रोखला नाही. यंत्राने आकडा वर पाठवला आणि पाचच मिनिटांत खिडकीशेजारचा फोन वाजला. पोस्टमास्तर ऐकत गेले आणि घामाघूम होत गेले.

"साहेब म्हणताहेत, माल कमी भरतोय," ते फोनवर हात ठेवून म्हणाले. "नोंदवला तेव्हा जास्त होता. एवढी घट कशी आली, वाटेत कुणी उघडला का, जबाबदार कोण, सगळं विचारताहेत!"

ताईंनी फोन त्यांच्या हातून घेतला आणि स्पीकरचं बटण दाबलं. खिडकीबाहेर रांग उभी होती. रांगेत काकू होत्या, नणंद होती आणि दूरच्या कुणाला तरी पार्सल पाठवायला आलेल्या सेक्रेटरीणबाई होत्या.

"साहेब, नीट ऐकू आलं नाही. जरा मोठ्यानं सांगता?"

"माल कमी भरलाय!" साहेब कडाडले.

"अजून एकदा सांगाल?"

"अहो, कमी भरलाय म्हणतो ना! बराच कमी भरलाय! कारण काय लिहू मी?"

ताईंनी तो फोन दोन्ही हातांत धरला आणि तिसऱ्या रांगेपर्यंतच काय, रस्त्यापलीकडच्या औषधवाल्यापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं:

"लिहा, सिंह काढला."

पलीकडे साहेबांनी मुकाट्याने तेच लिहून घेतलं.